चिमूटभर क्वांटम

(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)

"क्वांटम फिजिक्स कोणालाच समजत नाही." हे वाक्य आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच कानावर पडतं. आधी सीनियर्सकडून, मग क्लासवाल्यांकडून आणि कधीकधी शिकवणाऱ्यांकडूनसुद्धा! एकदा हे मान्य केलं की सगळ्यांचीच सुटका होते. सरांनी श्रोडिंजरचं समीकरण फळ्यावर उतरवायचं, आपण ते वहीत उतरवायचं आणि परीक्षेत उत्तरपत्रिकेवर उतरवायचं. एवढ्या उतरवाउतरवीत ते डोक्यात उतरलं का, हे मात्र कोणी विचारत नाही. सहा मार्कांचं डेरिव्हेशन, चार मार्कांचं न्यूमरिकल, झालं क्वांटम!

मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की हा विषय समजून घ्यायचा असेल तर गणिताच्या जोडीला हातानं काहीतरी बनवायला हवं. रांगोळी, कागद, सुतळी, बांगड्या, काहीही चालेल. आणि बनवून झालं की त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहायचं, "हे मॉडेल इथे खोटं आहे." या दोन गोष्टी एकत्र हव्यात. पहिलीच केली तर ती नुसती सजावट होते, आणि दुसरीच केली तर नुसतं नाक मुरडणं होतं.

आता एक खुलासा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी आहे. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि घरी आजीशी बोलणं. फिजिक्स तर सगळं इंग्रजीतच. मराठी विभागासाठी लेख लिहायचा म्हणून शब्दकोश उघडला तेव्हा कळलं की क्वांटमला मराठीत 'पुंज' म्हणतात आणि क्वांटम मेकॅनिक्सला 'पुंजयामिकी'. शब्द भारदस्त आहेत, पण पुंज म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ढीग येतो, तारकापुंजासारखा. प्लांकनं १९०० साली जे सुचवलं ते तर उलट होतं. ऊर्जेची देवाणघेवाण सलग धारेनं होत नाही, ठरावीक छोट्या मापानं होते. १९०५ साली आइन्स्टाइननं प्रकाशाबद्दलही तेच सांगितलं. मला विचाराल तर याला मराठीत एक सुरेख शब्द आधीपासून आहे, 'चिमूट'. रांगोळी ओंजळीनं घालत नाहीत, चिमटीनं घालतात. ऊर्जासुद्धा निसर्ग चिमटीचिमटीनंच देतो-घेतो. शब्दकोशवाल्या पंडितांनी माफ करावं, पण या लेखापुरता माझा क्वांटम म्हणजे चिमूट.

रांगोळीचा विषय निघालाच आहे तर सांगते, माझा रांगोळीवर राग होता. आपल्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, कामं आधीच वाटलेली असतात. साउंड सिस्टिम आणि प्रोजेक्टर मुलांकडे, रांगोळी आणि पाहुण्यांचं औक्षण मुलींकडे. इंजिनिअरिंगला येऊनसुद्धा आपण दारात बसून मोर काढायचा आणि आत मुलांनी 'टेक्निकल' काम करायचं! गेल्या वर्षी हॉस्टेल डेच्या आधी पुन्हा तीच यादी लागली तेव्हा आम्ही सहाजणींनी ठरवलं, रांगोळी काढायची, पण मोर नाही. आम्ही काढणार इलेक्ट्रॉन!

विषय निवडला तो दोन फटींचा प्रयोग. बारावीत यंगचा प्रयोग सगळ्यांनीच केलेला असतो, निदान पेपरात तरी. प्रकाश दोन बारीक फटींतून पाठवला की पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. प्रकाश ही लाट आहे, दोन लाटा एकमेकींना भेटतात, कुठे वाढतात, कुठे विरतात. इथपर्यंत ठीक. गंमत पुढे आहे. प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच चिमूट जाईल, तर? भेटायला दुसरं कोणी नाहीच. मग पट्टे यायला नकोत ना?

१९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर नावाच्या तरुणानं हे करून पाहिलं. त्याचं सामान ऐकाल तर हसाल. गॅसची ज्योत, काजळी धरलेल्या काचा, एक सुई आणि फोटोची प्लेट. सुईच्या सावलीच्या कडेला प्रकाशाचे बारीक पट्टे पडतात, ते त्याला टिपायचे होते. काजळी धरलेल्या काचा मधे ठेवून त्यानं प्रकाश इतका कमी केला की सगळ्यात लांबलेलं एक्सपोजर सुमारे दोन हजार तास चाललं, म्हणजे जवळजवळ तीन महिने! आणि पट्टे आले. भरपूर उजेडात येतात तसेच स्पष्ट. ज्यांना वाटतं की हा विषय फक्त कोट्यवधींच्या लॅबमध्येच होतो, त्यांनी ही सुई आणि ही काजळी लक्षात ठेवावी.

पुढे १९६१ साली जर्मनीत क्लाउस योन्सननं इलेक्ट्रॉनांना खऱ्या फटींतून पाठवून पट्टे मिळवले. १९७०च्या दशकात इटलीत बोलोन्यामध्ये एकेक इलेक्ट्रॉन पाठवून प्रयोग झाला. आणि १९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग असा केला की पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉन येऊन पडताना दिसावा. त्यांनी प्रत्यक्ष फटींऐवजी एक अतिशय बारीक विद्युतभारित तार वापरली होती. तिच्या दोन बाजू म्हणजेच दोन वाटा. त्यांची चित्रं कधी पाहिली नसतील तर जरूर पाहा. पहिल्या चित्रात दहा-अकरा ठिपके, कसेही विखुरलेले. मग दोनेकशे, तरीही काही कळत नाही. मग काही हजार, आणि डोळे बारीक केले की कसली तरी शंका येते. शेवटी लाखाच्या वर ठिपके झाल्यावर पट्टे स्वच्छ, कोणी पट्टी लावून आखल्यासारखे. २००२ साली 'फिजिक्स वर्ल्ड' मासिकानं वाचकांना विज्ञानातला सर्वांत सुंदर प्रयोग कोणता असं विचारलं, तेव्हा एकेका इलेक्ट्रॉननं केलेला हा दोन फटींचा प्रयोगच पहिला आला होता.

ती चित्रं पाहिल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? ठिपक्यांची रांगोळी! फरक एवढाच की आपल्या रांगोळीत ठिपके आधी शिस्तीत असतात आणि मग रेषा येतात. इथे ठिपके बेशिस्त, आणि शिस्त शेवटी आपोआप येते.

आम्ही केलं ते असं. कॉमन रूमच्या फरशीवर काळा कागद पसरून १२० सें.मी. रुंदीचा पडदा आखला. त्याचे तीन-तीन सें.मी.चे चाळीस रकाने पाडले. कुठल्या रकान्यात इलेक्ट्रॉन पडण्याची शक्यता किती, हे सूत्रानं काढलं आणि त्या प्रमाणात दोनशे चिठ्ठ्या बनवल्या. जिथे शक्यता जास्त त्या रकान्याच्या चिठ्ठ्या जास्त, जिथे अंधार तिथली एकही नाही. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका डब्यात. एकीनं डबा हलवायचा, दुसरीनं चिठ्ठी काढून आकडा ओरडायचा, तिसरीनं त्या रकान्यात वर-खाली कुठेही एक चिमूट सोडायची, आणि चिठ्ठी परत डब्यात. 'कुठेही' म्हटलं की माणूस नकळत सारख्या अंतरावर ठेवायला लागतो, म्हणून वर-खालीची जागाही फासे टाकून ठरवली.

पहिल्या साठ चिमटींनंतर फरशी बघून कोणीतरी विचारलं, "काय सांडलंय गं हे?" अडीचशे झाल्यावर आमच्यातच भांडण. दोघींना पट्टे दिसत होते, चौघींना नाही. तीन रात्री आळीपाळीनं बसून आम्ही २४०० चिमटी सोडल्या आणि सात पट्टे उभे राहिले. त्यातल्या एकाही चिमटीला पट्टा ठाऊक नव्हता. चिठ्ठी काढणारीलाही पुढचा आकडा ठाऊक नव्हता. तरी पट्टे आले. पाठ दुखत होती, बोटांना पांढरं लागलं होतं, पण 'प्रॉबेबिलिटी डेन्सिटी' हा शब्द मला त्या तिसऱ्या रात्री कळला. पहिल्या वर्षी त्यावर मला पूर्ण मार्क होते, हेही सांगून ठेवते.

आता तुम्ही म्हणाल, हे तर कॉम्प्युटरवर दहा ओळींच्या प्रोग्रॅमनं दोन सेकंदांत होतं. होतं ना! आम्हीही करून पाहिलं. एंटर दाबलं, पट्टे आले, पुढे काय? दोन सेकंदांत आलेल्या पट्ट्यांबद्दल भांडायला वेळच मिळत नाही. अडीचशे ठिपक्यांपाशी 'दिसतंय की नाही' यावर जे भांडण झालं, तोच खरा प्रयोग होता. किती पुरावा जमला म्हणजे 'दिसलं' म्हणायचं, हा प्रश्न सबंध विज्ञानाचा आहे. तो आम्हाला पडला, कारण आमचा हात हळू होता.

सगळ्यात चांगला प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो मेसच्या मावशींचा होता. त्या रोज पहाटे मेसच्या दारात चार रेषांची रांगोळी घालतात, त्यामुळे आमचं काय चाललंय ते बघायला आल्या. मी त्यांना सांगितलं की दोन फटी आहेत, त्यातून कण येतात, इथे पडतात, इथे पडत नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि एकच फट उघडी ठेवली तर?" मी म्हटलं, "मग या काळ्या जागेतही पडतात." मावशी थांबल्या. मग म्हणाल्या, "अगं बाळा, मेसचं एक दार उघडलं की गर्दी आत येते. दोन्ही दारं उघडली की जास्त येते. दुसरं दार उघडल्यावर एखाद्या टेबलावर कोणीच बसेनासं झालं, असं कसं होईल?"

मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी हा प्रश्न वर्गात विचारला होता? मी तरी नव्हता विचारला. कारण सूत्रात कोसाइनचा वर्ग होता, तो शून्य होत होता, म्हणून अंधार. संपलं. आणि आमच्या डब्यात तर याचं उत्तर नव्हतंच! अंधाराच्या चिठ्ठ्या आम्हीच टाकल्या नव्हत्या. म्हणून रांगोळीखाली आमची पहिली पट्टी लागली: "हे मॉडेल इथे खोटं आहे: डब्यात उत्तर आम्ही आधीच भरलेलं आहे. निसर्गाकडे चिठ्ठ्यांचा डबा नाही."

मावशींच्या प्रश्नासाठी दुसरं मॉडेल करावं लागलं, आणि ते मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतं. त्यासाठी लागतात फक्त बांगड्या. सव्वादोन इंची बांगडी घ्या. तिचा घेर साधारण १८ सें.मी. भरतो. कडेवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. फरशीवर ६० सें.मी. अंतरावर दोन खुणा करा, त्या फटी. समोर १२० सें.मी.वर एक रेघ मारा, तो पडदा. आता पडद्यावर एक जागा निवडा. ठिपका खाली ठेवून बांगडी पहिल्या फटीपासून त्या जागेपर्यंत चाकासारखी सरळ घरंगळवत न्या आणि ठिपका कुठे आला ते पाहा. मग दुसऱ्या फटीपासून दुसरी बांगडी तशीच न्या. पडद्याच्या बरोबर मध्यावर दोन्ही वाटा सारख्या, म्हणून दोन्ही ठिपके एकाच दिशेला. त्यांची बेरीज मोठी, तिथे उजेड. मध्यापासून सुमारे १९ सें.मी. सरका. आता एक वाट दुसरीपेक्षा ९ सें.मी.नं लांब, म्हणजे अर्धा फेरा जास्त. एक ठिपका वर तर दुसरा खाली! बेरीज शून्य, तिथे अंधार. आणखी सरकून साधारण ३९ सें.मी.वर जा. आता वाटांत पूर्ण एका फेऱ्याचा फरक, ठिपके पुन्हा एका दिशेला, पुन्हा उजेड.

म्हणजे मावशींच्या दाराचं उत्तर असं: माणसं मोजायची असतील तर दोन दारांची बेरीज कधीच कमी होत नाही. पण निसर्ग इथे आधी माणसं मोजत नाही. तो आधी प्रत्येक वाटेचा एक बाण काढतो, बाणांची बेरीज करतो आणि मग त्या बेरजेचा वर्ग करतो. बाण एकमेकांना खोडू शकतात, माणसं खोडू शकत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हेच 'अँप्लिट्यूडची बेरीज, मग वर्ग' अशा एका ओळीत दिलेलं असतं. ती ओळ मी बांगडी घरंगळवेपर्यंत वाचली होती, पाहिली नव्हती.

इथेही पट्टी लागलीच: "हे मॉडेल इथे खोटं आहे: इलेक्ट्रॉनमध्ये बांगडी नाही. ठिपक्याची दिशा थेट कोणालाही दिसत नाही. आपल्याला दिसतं ते फक्त वर्ग केल्यानंतरचं."

यावरून आमच्या हॉस्टेलला साजेसा एक धडाही निघाला. समजा दोन्ही दारांवर वॉचमनकाका बसवले आणि कोण कुठल्या दारानं आलं याची रजिस्टरमध्ये नोंद ठेवली, तर? मग पट्टे नाहीसे होतात. बाणांची बेरीज बंद, साधी माणसांची बेरीज सुरू. आता यावरून पुष्कळ लोक म्हणतात की 'माणसाच्या मनामुळे विश्व घडतं' वगैरे. तसं मुळीच नाही. रेक्टर मॅडमनी ते रजिस्टर कधी उघडलं नाही तरी फरक पडत नाही. वाटेची खूण कुठेतरी उमटली, एवढं पुरे. रजिस्टरच्या जागी एखादा हवेचा रेणूसुद्धा चालतो. 'ऑब्झर्व्हर' या एका शब्दानं जेवढा गोंधळ घातलाय तेवढा आपल्या टाइमटेबलनंही घातला नसेल!

हे महत्त्वाचं आहे, कारण बाजारात सध्या क्वांटमच्या नावानं काहीही विकलं जातं. क्वांटम लॉकेट, क्वांटम पाणी, क्वांटम हीलिंग. माझ्या एका नातेवाइकांनी असलं लॉकेट घेतलं आणि 'तू इंजिनिअर होणार ना, मग सांग हे कसं काम करतं' असं मलाच विचारलं. कलेच्या वाटेनं विज्ञान सांगण्यात हाच धोका आहे, हे मी मान्य करते. उपमा गोड असते आणि गोड गोष्ट कोणीही विकू शकतो. पण लॉकेटवाल्यात आणि आमच्या रांगोळीत एक फरक आहे. लॉकेटवाला त्याच्या मालावर 'हे इथे खोटं आहे' अशी पट्टी कधीच लावणार नाही. तीच खरी परीक्षा. जो उपमा देतो पण ती कुठे संपते ते सांगत नाही, त्याच्यापासून चार पावलं लांब राहावं, मग तो बाबा असो, यूट्यूबवाला असो की प्राध्यापक.

आता तक्रारीचा भाग. एका आंतरमहाविद्यालयीन प्रोजेक्ट स्पर्धेत (नाव सांगत नाही) आम्ही हेच रांगोळी आणि बांगड्यांचं मॉडेल नेलं. परीक्षक आले, त्यांनी पाहिलं, 'व्हेरी नाइस' म्हणाले. मग विचारलं, "यात वर्किंग मॉडेल कुठे आहे?" मी बांगडी घरंगळवून दाखवली. ते हसले, आणि आमचं टेबल टेक्निकल विभागातून उचलून कला विभागात, मेंदी आणि पेपर क्विलिंगच्या शेजारी नेऊन ठेवलं. शेजारच्या टेबलावर चार एलईडी उघडझाप करत होते. तो प्रोजेक्ट टेक्निकलमध्ये राहिला, कारण त्यात वायर होती!

मेंदीशेजारी बसण्यात मला कमीपणा वाटला नाही. (मेंदीवाल्या मुलीनं तर बांगडीचं गणित परीक्षकांपेक्षा लवकर पकडलं.) राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. हातानं, घरगुती सामानानं, त्यातून बायकांच्या सामानानं केलेली गोष्ट म्हणजे हौस, आणि बाजारातून आणून जोडलेली गोष्ट म्हणजे इंजिनिअरिंग, ही वाटणी कोणी केली? टेलरची सुई मग कुठल्या विभागात बसवायची? ज्युलियन फॉस-आंद्रेए नावाचे शिल्पकार आहेत. ते आधी भौतिकशास्त्र शिकले आणि १९९९ साली व्हिएन्नात कार्बनच्या साठ अणूंच्या मोठ्या रेणूंनीसुद्धा असे पट्टे दाखवणाऱ्या गटात होते. पुढे त्यांनी २००६ साली 'क्वांटम मॅन' हा पुतळा केला. शंभराहून जास्त पातळ पोलादी पत्रे एकमेकांना समांतर उभे केलेले. एका बाजूनं पाहिलं तर भरभक्कम चालणारा माणूस, पत्र्यांच्या कडेच्या दिशेनं पाहिलं तर जवळजवळ अदृश्य. तो माणूस टेक्निकल विभागातला की कलेतला? दोन्हीकडचा, आणि म्हणूनच त्याला ते सुचलं.

परीक्षकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. प्रत्येक गोष्ट हातानं दाखवता येत नाही, आणि हे आम्हाला आमच्या हातांनीच शिकवलं. १९२४ साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनला एक निबंध पाठवला. त्यातून जी मोजणी निघाली तिचं सोपं रूप असं. दोन नाणी उडवा. दोन्ही छापा येण्याची शक्यता पाव, दोन्ही काटा पाव, एक छापा एक काटा अर्धी. कारण 'हे छापा ते काटा' आणि 'हे काटा ते छापा' हे दोन वेगळे प्रकार आहेत. पण नाण्यांऐवजी दोन फोटॉन असतील आणि त्यांना दोनच जागा असतील, तर बोसच्या मोजणीत तिन्ही प्रकारांची शक्यता सारखी, एक तृतीयांश. कारण 'हा' आणि 'तो' असा भेदच नाही. ते नुसते सारखे दिसतात असं नाही, त्यांना वेगळं म्हणायला काही आधारच नसतो.

हे दाखवायला आम्ही काय काय केलं! सारखी मणी, सारखे पेढे, सारख्या कागदी गोळ्या. पण हातानं केलेल्या दोन वस्तू कधीच एक होत नाहीत. एका पेढ्यावर अंगठ्याची रेघ जास्त, एका गोळीला कोपरा. बाजारातली दोन नाणीसुद्धा डावं-उजवं म्हणून ओळखता येतातच. हस्तकलेचं सौंदर्य ज्यात असतं, म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळी, त्याच्या नेमकं उलट टोकाला इलेक्ट्रॉन आणि फोटॉन उभे आहेत. माझा 'चिमूट' हा लाडका शब्दसुद्धा इथे अडखळतो, कारण माझी चिमूट दरवेळी थोडी वेगळी असते. शेवटी आम्ही रांगोळीच्या कोपऱ्यात एक चौकोन आखला, तो रिकामा ठेवला आणि लिहिलं: "बोस, १९२४. हे हातानं दाखवता येत नाही." पाहायला येणाऱ्यांपैकी सगळ्यात जास्त वेळ लोक त्या रिकाम्या चौकोनापाशी थांबत होते.

म्हणूनच 'क्वांटमचं चित्र काढताच येत नाही, फक्त गणित करा' म्हणणाऱ्या सरांशी मी अर्धीच सहमत आहे. सर, चित्र पूर्ण काढता येत नाही हे खरं. पण ते नेमकं कुठे थांबतं, हे काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. नाहीतर मुलांच्या डोक्यात चित्र नसतं असं थोडंच आहे? असतं. शाळेच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावरचं, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन फिरणारं. तुम्ही चांगलं चित्र दिलं नाहीत तर ते जुनंच राहतं, आणि त्यावर कुठेही 'खोटं' अशी पट्टी नाही.

आणि हे सगळं आत्ता का? सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, सहा हजार कोटी रुपयांहून जास्त खर्चाची. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं, तेही एका इलेक्ट्रिकल सर्किटसाठी! हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्ये त्यांनी १९८०च्या दशकात टनेलिंग आणि ऊर्जेच्या चिमटी दाखवून दिल्या. म्हणजे हा विषय आता 'फिजिक्सवाल्यांचा' राहिलेला नाही, तो आपल्या ब्रँचचा झालाय. उद्या या क्षेत्रात नोकऱ्या येतील तेव्हा डेरिव्हेशन पाठ असलेले हजारो असतील. आपल्याला काय माहीत आहे आणि आपली समजूत कुठे तुटते, हे सांगू शकणारे किती असतील?

म्हणून माझी विभागाकडे आणि जिमखान्याकडे साधी मागणी आहे. पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या टर्मवर्कमध्ये एक प्रयोग असा असावा की विद्यार्थ्यानं क्वांटमची एक कल्पना हातानं बनवून आणायची. खर्चाची मर्यादा शंभर रुपये. माध्यम कोणतंही, शिवण, माती, कागद, रांगोळी, तबल्याचा बोल असला तरी चालेल. पाच मार्क मॉडेलला. आणि पाच मार्क खालच्या पट्टीला, म्हणजे ते कुठे खोटं आहे हे किती नेमकं लिहिलंय त्याला. सीनियर्सची फाइल कॉपी करून मॉडेल आणता येईल, पण व्हायवात पट्टीवर दोन प्रश्न विचारले की कॉपी लगेच उघडी पडेल. जर्नल तपासणाऱ्या सरांनाही तोच तोच ग्राफ शंभरदा बघण्यापेक्षा बरं वाटेल. आणि हो, रांगोळीच्या यादीत यंदा मुलांचीही नावं असावीत. चिमूट सोडायला काही जेंडर लागत नाही, फक्त पाठ मजबूत लागते.

आमचा बिस्किटांचा डबा दोनशे चिठ्ठ्यांसकट लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये कपाटावर ठेवलेला आहे. ज्यांना हवा त्यांनी रेक्टर मॅडमना सांगून घेऊन जावा. फक्त रजिस्टरमध्ये नोंद करा!